कक्षेबाहेर

आईने चादरीचं एक टोक थोरलीच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती मागे मागे सरकत खिडकीपर्यंत गेली.

"ताण," ती म्हणाली. "आणखी ताण. चादर आहे ती, आजारी माणूस नाही."

थोरलीने ताणली. आईने एक झटका दिला, चादरीतली हवा फटकन बाहेर पडली, आणि दोघी टोकं जुळवत एकमेकींकडे चालत आल्या. आईची हयात इस्पितळाच्या धुलाईघरात गेली होती. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी तिच्या घरात एकटीने केलेली चादरीची घडी चालत नसे. त्याला घडी म्हणत नाहीत, गुंडाळी म्हणतात, असं तिचं म्हणणं. मुंगी घरात होती तेव्हा दुसरं टोक तिच्याकडे असे. उंची पुरत नसे म्हणून ती खुर्चीवर चढून उभी राही. मुंगीला नेल्यापासून आई आठवडाभराच्या चादरी साठवून ठेवी आणि रविवारी थोरली आली की बाहेर काढी.

मुंगी ही थोरलीच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ दारूत गेला तो गेलाच. कुठेतरी जिवंत होता, एवढंच घरच्यांना ठाऊक. त्याची बायको त्याच्याही आधी निघून गेली होती. पोर रांगायला लागली ती आजीच्याच घरात. घरभर सारखं काहीतरी उचलून नेत असायची, कधी बटण, कधी एका पायातला बूट, कधी साखरेचा खडा. म्हणून आजीने मुंगी नाव ठेवलं, आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं.

गेल्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. पोरीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, उशाशी पाणी ठेवलं आणि दिवसभर शेजारी बसून राहिली. शेजारीण दार वाजवून वाजवून थकली, पण पोरीने कडी काढली नाही. मी सांगितल्याशिवाय कोणालाही दार उघडायचं नाही, हे आजीनेच तिला घोकून घोकून शिकवलं होतं. शेवटी पोलीस आले. पोलिसांमागून बालकल्याण खात्याच्या बाई आल्या, बाईंच्या अहवालामागून कोर्ट आलं. आजीचं वय आणि हृदय पाहता मुलीला दुसऱ्या एका कुटुंबाने सांभाळावं, ती सज्ञान होईपर्यंत, असा निकाल झाला. आजीला महिन्यातल्या पहिल्या शनिवारी केंद्रातल्या खोलीत भेट मिळायची. तासभर.

"मला एक सांग," चादर कपाटात सरकवत आई म्हणाली. "अहवालात खोटं लिहिलेलं असलं तरी चालतं का?"

"आई, परत तेच?"

"परत तेच. म्हातारीकडे नवीन कुठून येणार? त्या टाचणीबाईने लिहिलंय, घरात स्वच्छता नव्हती. माझ्या घरात! एक दिवस मी जमिनीवर पडून होते तेवढा दिवस केर निघाला नाही, झालं."

टाचणीबाई म्हणजे बालकल्याण खात्याच्या बाई. त्यांच्या कॉलरला आतून टाचण्यांची रांग असते आणि बोलता बोलता त्या कागदांना टाचण्या मारत जातात, हे आईने पहिल्याच भेटीत टिपलं होतं. थोरलीने त्यांना पाहिलेलं नव्हतं. ती स्वतः ज्या कार्यालयात होती तिथे सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी येत, आणि तिच्या टेबलावर नेमक्या बालकल्याण खात्याच्याच. आपल्या कार्यालयातल्या माणसाने त्याच खात्याच्या खटल्यात दिसणं बरं नाही, म्हणून ती सुनावणीच्या एकाही दिवशी कोर्टात गेली नव्हती. तसं तिने आईला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. निदान नियमातून तसा अर्थ काढता येत होता. आई "बरं" म्हणाली होती. तू ये, असं तिने एकदाही म्हटलं नाही. आईला कळतं, असं थोरलीला तेव्हा वाटलं होतं, आणि हायसंही वाटलं होतं.

"अहवाल खरा की खोटा ते कोर्टाने बघायचं असतं," ती आता म्हणाली. "कोर्टाने बघितलं. जे कोर्टाने ठरवलं, किंवा कोर्टापुढे मांडलं गेलं, त्याला आम्हाला हात लावता येत नाही. ते आमच्या कक्षेबाहेर."

"म्हणजे पोर नेली ते कक्षेबाहेर."

"हो."

"का नेली, तेही बाहेर."

"हो, आई."

"मग आत काय राहिलं?"

"फोन उचलला नाही. वेळेवर आल्या नाहीत. उद्धटपणे बोलल्या. भेटीची खोली धड नव्हती. असलं काहीतरी."

"म्हणजे चोर सोडून चपलांची चौकशी."

थोरलीला हसू आलं. आईसुद्धा हसली, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ हसली, एखाद्या पोरीने दप्तरात काहीतरी लपवून आणावं तशी.

"एवढं काय झालंय हसायला?"

"म्हातारीने हसायलाही अर्ज करायचा का? धर, ही शेवटची."

शेवटची चादर ताणून, जुळवून, घडी घालून झाली. चहा झाला. आईने तिला निघताना दारापर्यंत सोडलं, कठड्यावरून वाकून म्हणाली, "मफलर बांध गं. घोडी झालीस तरी सांगावं लागतं," आणि आत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली चाळणीला बसली होती.

कार्यालयात या कामाला चाळणीच म्हणत. तक्रार आली की ती सगळी घेऊन यायची. रडणं, शिव्या, शेजाऱ्यांची साक्ष, पोराचा फोटो. पेन्सिल घेऊन बसायचं आणि एकेका वाक्याला विचारायचं: हे कोर्टाने ठरवलंय का? मग समासात एक रेघ. हे कोर्टापुढे आलं होतं का? पुन्हा रेघ. रेघा मारून झाल्यावर जे खाली उरेल त्याची चौकशी. पुष्कळदा काहीच उरत नसे. मग नकाराचं पत्र जाई. त्या पत्रातला मजकूर वर्षानुवर्षं एकच होता आणि तो थोरलीनेच पहिल्या वर्षी लिहिला होता. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. सौम्य आणि स्पष्ट, असं ते म्हणाले होते. कोणाच्या जखमेला बोट न लावता दार कसं लावून घ्यावं, हे हिच्याकडून शिका.

त्या सकाळी एका बापाची तक्रार होती. रेघा मारून नकाराचं पत्र अर्ध्यावर आलं असताना फोन आला. आईची शेजारीण.

"अगं, ये लवकर. तुझी आई…"

"काय झालं?"

"ओट्यापाशी बसलीय. खुर्चीवर. बसलीय आणि… मी हाका मारतेय केव्हाची."

"श्वास चालू आहे का?"

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

थोरलीने फोन खाली ठेवला. समोरच्या पत्रात "आपल्या भावनांची आम्हाला जाणीव आहे" एवढं लिहून झालं होतं. तिने "तथापि" लिहिलं. पुढचं वाक्य लिहिलं. त्याच्या पुढचंही, पूर्णविरामापर्यंत. खाली तारीख घातली, पत्र शिपायाच्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि मग उठली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की पर्स वरच राहिलीय आणि हातात पेन्सिल आहे. ती पेन्सिल घेऊनच गेली.

आई खरोखरच बसलेली होती. पाठ भिंतीला, हात मांडीवर, चष्मा कपाळावर सरकवलेला. पातेल्यात चहाचं पाणी होतं, कोमट. गॅस बंद होता.

डॉक्टर आले, गेले. शेजारीण चार चार वेळा तेच सांगत राहिली. थोरली मान हलवत होती आणि गॅसच्या बटणाकडे बघत होती. छातीत कळ आल्यावर आईने आधी गॅस बंद केला, मग खुर्ची ओढली, मग बसली. बाईने मरतानासुद्धा घर सांभाळलं होतं. हिच्याविषयी कोर्टाने लिहिलं होतं, की हिच्या घरात मूल सुरक्षित नाही.

जे करायचं असतं ते सगळं झालं. लोक आले, आणलेलं ठेवून गेले. भावाचा पत्ता लागला नाही. थोरलीला रडू येत नव्हतं. जीव सुन्न होता, पण हात कामात होते. तिने कपाटं आवरली, दूधवाल्याला सांगितलं, मीटरचं वाचन घेतलं. पुतळ्यासारखी वावरतेय, असं शेजारीण कोणाला तरी कुजबुजली, ते तिने ऐकलं आणि पुतळे वावरत नसतात, एवढं एकच तिच्या मनात आलं.

ती कामावर परतली त्या दिवशी वकीलकाका तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते वकील नव्हते. वकिलीच्या परीक्षेत जितक्यांदा बसले तितक्यांदा आपटले आणि शेवटी या कार्यालयात येऊन रुजले. नाव तेवढं चिकटलं. नेहमी खुर्ची न विचारता ओढून बसणारा माणूस आज उभा होता.

"बस म्हण की," ते म्हणाले.

"बसा."

ते बसले. हात गुडघ्यांवर चोळले.

"तुला सांगू की नको, असं झालंय. नियमाने सांगायचं नव्हतं. आता नियम कोणासाठी पाळायचा?"

"काका, काय?"

"तुझ्या आईची तक्रार माझ्याकडे आहे."

थोरलीने हातातला कागद खाली ठेवला.

"नात्यातली म्हणून तुझ्याकडे दिली नाही. तुला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतः खाली तक्रारी घ्यायच्या खिडकीवर बजावून सांगितलं होतं. आमची थोरली नियमाची पक्की आहे, तिच्या डोक्याला ताप नको, म्हणाल्या. तिथल्या पोरांना एवढं हसवून गेल्या, की अजून आठवण काढतात. एकाला म्हणाल्या, तुझी कॉलर बघ, धुलाईघरात असतास तर तुला दुसऱ्यांदा मशीनमध्ये घातलं असतं."

"कोर्टाचा निकाल झालेला आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच नकाराच्या पत्रासारखा वाटला. "सगळं बाहेरच असणार."

"तेच तर. काहीही बाहेर नाही." काका पुढे वाकले. "इतकी वर्षं मी ही चाळणी हलवतोय, अशी तक्रार पाहिली नाही. अहवालाचा शब्द नाही. निकालाचा नाही. पोर का नेली, कोणी नेली, अवाक्षर नाही. एकच मुद्दा. भेटीच्या खोलीतलं घड्याळ पुढे आहे."

"घड्याळ?"

"भिंतीवरचं. त्या घड्याळावर तास मोजतात. बाहेरची वेळ धरून त्या आत जायच्या आणि भिंतीवरची वेळ धरून पोरीला उठवायचे. दर भेटीत थोडा थोडा वेळ कापला जातोय, एवढंच म्हणणं. स्वच्छ, कक्षेतलं, कोर्टाने न ठरवलेलं. मला रेघ मारायला जागाच ठेवली नाही बाईंनी. मी हातोहात मंजूर केली. खात्याला लिहिलं, त्यांनी चूक मान्य केली." त्यांनी पुन्हा गुडघे चोळले. "मंजुरीचं पत्र निघालं, त्या… त्या सोमवारीच निघालं गं."

थोरलीने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. मग परत उचलली. इतक्या रविवारी तिने आईला समजावलं होतं. आत काय, बाहेर काय. आई कुरकुरायची, टोमणे मारायची, आणि थोरलीला वाटायचं पालथ्या घड्यावर पाणी. घड्यात थेंब न् थेंब साठत होता. पोर परत मागायची नाही, हे आई तिच्याकडूनच शिकली होती. मागितली तर फक्त मिनिटं मागायची.

"चहा मागवू?" काकांनी विचारलं.

"नको."

"रड की जरा."

"येत नाहीये," ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी ती केंद्रात गेली. कोणी बोलावलं नव्हतं. घरातून निघताना आपण कशासाठी जातोय, हे तिला धड सांगता आलं नसतं. आईची वेळ ठरलेली होती आणि त्या वेळेला कोणीच जाणार नाही, ही गोष्ट तिला सहन होईना, इतकंच.

दारावरच्या माणसाने आजीचं नाव विचारलं, वहीत बोट फिरवलं आणि तिला आत सोडलं. भेट रद्द करावी लागते, हे कोणाला सुचलंच नव्हतं. खोली उघडून, दिवा लावून ठेवली होती. ठेंगणं टेबल, ठेंगण्या खुर्च्या, एका खोक्यात चाकं निघालेल्या गाड्या. भिंतीवर गोल पांढरा डाग होता. तिथलं घड्याळ काढून नेलं होतं आणि दुसरं अजून लावलं नव्हतं. थोरली एका लहान खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीपाशी आले.

दार उघडलं. बाई साधारण तिच्याच वयाच्या होत्या, थकलेल्या, दोन्ही हातांत कागद. कॉलरला आतून टाचण्या होत्या.

"माफ करा, ही खोली…" त्या थांबल्या. "आज इथे भेट नाहीये. म्हणजे होती, पण त्या आजी वारल्या. तुम्ही कोणाकडे आलात?"

"मुलीला कळलंय का?"

"हो, त्या घरच्या आईंनी सांगितलं. तुम्ही कोण?"

"काय म्हणाली ती?"

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आजीचा चष्मा आता कोण घालणार, असं विचारलं म्हणे. मग जेवली नाही. तुमचा आवाज ओळखीचा वाटतो हो."

"मी तक्रार कार्यालयातली. आपण फोनवर बोललोय. खूपदा."

"हो!" बाईंचा चेहरा उजळला आणि लगेच आवळला. "घड्याळासाठी आलात? अहो, त्याच दिवशी काढलं. नवीन मागवलंय, पण खरेदी विभाग म्हणजे, तुम्हाला काय सांगायचं…"

"घड्याळासाठी नाही. मी त्यांची मुलगी."

"कोणाची?"

"आजींची. मुंगीची आत्या."

बाईंनी कागद टेबलावर ठेवले. एक खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"आजींना मुलगी नव्हती," त्या म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली. थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, पण नीट ऐकलं होतं. बाईंचा चेहराच सांगत होता.

"त्यांना एक मुलगा, तो बेपत्ता," बाई सावकाश म्हणाल्या. "दुसरं कोणी नाही. मी विचारलं होतं हो. नात्यात कोणी आहे का, हे पहिलं विचारायचं असतं. नात्यात कोणी असेल तर मूल बाहेर देतच नाहीत. इस्पितळात विचारलं, घरी विचारलं, कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं. कोणी नाही, म्हणाल्या. पोर मध्येच बोलली होती, आत्या आहे म्हणून. तर आजी हसल्या. शेजारणीला आत्या म्हणते ती, म्हणाल्या."

"मी दर रविवारी जात होते."

"मला काय माहीत? आमच्या भेटी कामाच्या दिवशी. घरात तुमचा एक फोटोही नव्हता."

फोटो होता. कपाटावर, धुलाईघराच्या निरोपसमारंभाच्या फोटोशेजारी. घर आवरताना तो कपाटाच्या आत, चादरींच्या खाली सापडला होता, आणि पुसायला काढून आई ठेवायची विसरली असेल, असं समजून थोरलीने तो पिशवीत टाकला होता.

"का?" ती म्हणाली. "असं का सांगितलं तिने?"

बाई समोरच्या लहान खुर्चीवर बसल्या. आता दोघींचे गुडघे टेबलाच्या वर आले होते. एरवी थोरलीला ते हास्यास्पद वाटलं असतं.

"मला तेव्हा अर्थ लागला नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं काहीबाही विचारतात. त्यांनी विचारलं, मी हे जे लिहून घेतेय ते वाचणार कोण? मी म्हटलं, न्यायाधीश. आणखी कोण? म्हटलं, मुलगी स्वतः. सज्ञान झाली की तिला तिची सगळी फाइल बघायचा हक्क आहे. बरीच मुलं येतात, मागतात. तर म्हणाल्या, समजा नात्यात कोणी आहे, तुम्ही त्याला विचारलंत आणि तो नाही म्हणाला, तर तेही लिहिता? मी म्हटलं, लिहावंच लागतं. कोणाला विचारलं, कोण काय म्हणालं, शब्दाला शब्द."

"मग?"

"मग चष्मा काढून पुसला. आणि म्हणाल्या, लिहा, कोणी नाही."

दिवा डोक्यावर गुणगुणत होता. आईने किती साधा हिशोब मांडला होता. मुलगी आहे असं सांगायचं, मग हे तिला विचारणार, मग ती नाही म्हणणार. सौम्य आणि स्पष्ट. मग एक दिवस मुंगी मोठी होणार, फाइल उघडणार आणि वाचणार, की एक आत्या होती, तिला विचारलं होतं. त्यापेक्षा आत्या नसलेलीच बरी. पोटच्या पोरीला आईने कागदावरून पुसून टाकलं होतं, ते पुढे आत्या-भाचीत वाईटपणा येऊ नये म्हणून. आणि चादर ताण, म्हणत राहिली होती.

नाही म्हणशील का, असंही तिने विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरजच वाटली नव्हती.

"पाणी आणू?" बाई म्हणाल्या.

"मला विचारा," थोरली म्हणाली.

"काय?"

"तेव्हा विचारलं असतंत ते. आत्ता विचारा."

बाईंचा हात आपोआप कॉलरकडे गेला, एक टाचणी चाचपून परत आला. "बाई, तुम्हाला मी सांगायचं का? निकाल झालाय. नात्यात कोणाला शोधलं नाही, ही आमची चूक धरली तरी ती कोर्टापुढची बाब. त्याची तक्रार तुमच्याच ऑफिसात चालणार नाही."

"नाही चालणार. माझ्या टेबलावर आली तर मीच परत पाठवीन."

"तेच म्हणतेय मी."

"मी तक्रार करत नाहीये."

"मग नवा अर्ज. तोही कोर्टातच." बाई आता हळू, जवळजवळ मायेने बोलत होत्या. "खरं सांगते, सोपं नाही. पोर तिकडे रुळतेय. माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोलू शकणार नाही. कोर्ट पहिला प्रश्न हाच करेल, की इतके दिवस तुम्ही कुठे होतात. आणि तुम्ही या खोलीत काही बोललात तर मला ते लिहावं लागेल. कळतंय ना? दोन्हीपैकी काहीही बोललात तरी. ती ते कधीतरी वाचेल. तुम्ही आत्ता उठून गेलात तर मी तुम्हाला पाहिलंच नाही, असं समजेन. आजींची तीच इच्छा होती."

"आईची इच्छा काय होती ते मला आत्ता कळलं," थोरली म्हणाली. "तुम्ही विचारा."

बाईंनी खाली पडलेला कागद उचलला, उलटा केला, कोरी बाजू वर घेतली. पेनचं टोपण काढलं. थोड्या वेळापूर्वीचा मऊ सूर जाऊन त्यांच्या आवाजात कामाचा सूर आला.

"मुलीच्या नात्यातली व्यक्ती म्हणून, तिला सांभाळायची जबाबदारी घ्यायला तुम्ही तयार आहात का?"

थोरलीच्या तोंडात आधी दुसरेच शब्द आले, सवयीचे, गुळगुळीत. माझ्या नोकरीचं स्वरूप पाहता, मुलीचं हित लक्षात घेता. जिभेवर आलेले ते तिने गिळले. त्याबरोबर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाई पेन धरून थांबल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

"हिवाळ्यात विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं मी," थोरली म्हणाली. "तेही लिहा. आईने बरोबर ओळखलं होतं."

पेन चाललं.

"आणि आता?"

"आता हो. मला मुंगी हवी आहे."